विजयदुर्गाविषयीच्या संदेशातले पाच दावे

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या शिक्षकांच्या, माजी विद्यार्थ्यांच्या आणि गडप्रेमींच्या व्हॉट्सअॅप गटांतून विजयदुर्गाविषयीचा एक लांबलचक संदेश गेले बरेच दिवस फिरत आहे. त्यातले दावे थोडक्यात असे : हा किल्ला शिवाजी महाराजांनी मुळापासून बांधला; समुद्राच्या तळाशी बांधलेल्या गुप्त भिंतीवर आदळून शत्रूची जहाजे फुटत असत, त्यामुळे समुद्राकडून तो कोणालाही घेता आला नाही; १७५६ मध्ये तो केवळ फितुरीने पडला आणि त्याच दिवशी मराठ्यांचे आरमार संपले; १८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर या शास्त्रज्ञाने याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लावला; आणि आज किल्ला पडीक असल्यामुळे तो एखाद्या हॉटेल कंपनीकडे सोपवला, तरच वाचेल.

संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या मनात किल्ल्याविषयी प्रेम आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी १९२६ मध्ये ज्या धुळ्यात देह ठेवला आणि जिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ आजही उभे आहे, त्या भागातल्या माणसांनी तरी इतिहासाची गोष्ट तपासून मगच पुढे द्यावी, अशी अपेक्षा ठेवणे गैर नाही. म्हणून हे पाचही दावे एकेक करून पाहू.

पहिल्या दाव्यावर फार शब्द खर्च करण्याची गरज नाही. वाघोटण खाडीच्या मुखावरचा हा किल्ला मूळचा शिलाहारांच्या काळातला असून, तो दुसऱ्या भोज राजाने बाराव्या शतकाच्या अखेरीस उभारला असे मानले जाते. पुढे तो आदिलशाहीकडे होता आणि आदिलशाहीकडूनच महाराजांनी तो घेतला. महाराजांचे काम त्यानंतरचे आहे आणि ते मोठे आहे : किल्ल्याचा विस्तार, तटबंदीची भक्कम वाढ आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका किनारी ठाण्याचे आरमारी तळात केलेले रूपांतर. आयता मिळालेला किल्ला नव्या कामासाठी घडवून घेणे हे नवा किल्ला बांधण्यापेक्षा कमी प्रतीचे आहे, असे समजण्याचे काहीच कारण नाही.

दुसरा दावा भिंतीचा. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली शंभर मीटरहून अधिक लांबीची दगडी रचना असल्याची नोंद पाणबुड्यांच्या पाहणीत झालेली आहे आणि तो अभ्यासाचा विषय आहे, हे खरे. मात्र ‘समुद्राकडून कोणालाही घेता आला नाही’ हे विधान इतिहासाला धरून नाही. १७२० मध्ये इंग्रजांचा आणि १७२४ मध्ये डचांचा हल्ला फसला. इंग्रजांनी तर त्या वेळी तोफा चढवलेला एक तरता मोर्चाच बांधून आणला होता. हे हल्ले परतवले ते तटावरच्या तोफांनी, शिबंदीने म्हणजे किल्ल्यावरच्या फौजेने आणि मराठ्यांचे आरमार सांभाळणाऱ्या आंग्रे घराण्याच्या गुराबा-गलबतांनी, म्हणजे लढाऊ जहाजांनी. खाडी अशी की, हलकी गलबते आत शिरून निर्धास्त राहत आणि खोल बुडाची परकी जहाजे त्यांचा पाठलाग करताना अडखळत. मात्र फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचा ताफा थेट समुद्राकडून खाडीच्या तोंडात शिरला, तेव्हा त्याला पाण्याखालच्या कोणत्याही भिंतीने अडवले नाही. विजयाचे सगळे श्रेय भिंतीला दिले की, ज्यांनी तोफा डागल्या आणि गलबते हाकारली त्या खलाशांच्या आणि गोलंदाजांच्या वाट्याला काहीच उरत नाही.

तिसरा दावा सर्वांत जास्त नुकसान करणारा आहे, म्हणून त्यावर थांबून बोलणे भाग आहे. १७५६ मध्ये किल्ला फितुरीने पडला असे म्हणून संदेश मोकळा होतो. प्रत्यक्षात घडले ते याहून कितीतरी दुखावणारे होते. नानासाहेब पेशवे आणि तुळाजी आंग्रे यांचे वैर इतके विकोपाला गेले होते की, पेशव्यांनी आपल्याच समुद्रावरच्या सरदाराला नमवण्यासाठी इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. पुढच्या वर्षी विजयदुर्गाची पाळी आली : समुद्राकडून वॉटसन, त्याच्या जहाजांवर रॉबर्ट क्लाइव्हची पलटण आणि जमिनीकडून पेशव्यांची फौज. तोफांच्या माऱ्यात, तुळाजीने पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजाला आग लागली. ती शेजारच्या गुराबांना भिडली आणि खाडीत एकमेकांलगत नांगरलेला अख्खा ताफा जळून गेला. तुळाजी त्या वेळी पेशव्यांच्या छावणीत बोलणी करण्यास गेला होता. तो पुढे कैदेतून सुटला नाही. किल्ल्यात सापडलेली सुमारे १० लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली आणि दोस्त म्हणवणाऱ्या पेशव्यांना त्यातले काही दिले नाही. एखाद्या अनामिक फितुराच्या माथी दोष मारून ही गोष्ट सांगितली की, राज्यकर्त्यांच्या निर्णयाने स्वतःचेच आरमार कसे जळते हा मुद्दा विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतच नाही.

‘त्याच दिवशी आरमार संपले’ हेही खरे नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये झालेल्या तहानुसार इंग्रजांनी बाणकोट स्वतःकडे घेऊन विजयदुर्ग पेशव्यांना परत दिला. त्यानंतर हाच किल्ला पेशव्यांच्या आरमाराच्या सुभ्याचे मुख्य ठाणे झाला आणि आनंदराव धुळप यांनी तिथून दीर्घकाळ आरमाराची धुरा वाहिली. ८ एप्रिल १७८३ रोजी धुळपांच्या ताफ्याने ‘रेंजर’ हे इंग्रज जहाज कित्येक तासांच्या लढाईनंतर काबीज करून विजयदुर्गात आणले. त्यावरचा हंबरस्टन नावाचा इंग्रज सेनाधिकारी जखमांमुळे याच किल्ल्यावर मरण पावला. म्हणजे ज्या घटनेनंतर सगळे संपले असे संदेश सांगतो, तिच्या २७ वर्षांनंतरची ही झुंज आहे. किल्ला अखेर इंग्रजांच्या ताब्यात गेला तो जून १८१८ मध्ये. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत आपल्या तापीकाठच्या थाळनेरची शिबंदी कापली गेली होती आणि जूनमध्येच मालेगावच्या किल्ल्याचा वेढा संपला होता. थाळनेर, मालेगाव आणि विजयदुर्ग ही एकाच पाडावाची तीन ठिकाणे आहेत. खानदेशात विजयदुर्ग शिकवताना हा धागा हाती दिला, तर मुलांना तो परक्या किनाऱ्यावरचा किल्ला वाटणार नाही. खानदेशचे कापड आणि नीळ सुरतेच्या बंदरातून समुद्रापार जात असे आणि त्या समुद्रावर आंग्र्यांचे दस्तक, म्हणजे जहाजांना दिलेले परवाने, चालत असे, हेही त्याच ओघात सांगता येईल. १७५६ नंतरची ६२ वर्षे गाळून टाकणे म्हणजे धुळपांचे नावच पुसून टाकणे आहे, आणि मला या संदेशात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

चौथा दावा हेलियमचा. हा इतका रुजला आहे की, १८ ऑगस्टला शाळांच्या फळ्यांवर तो अभिमानाने लिहिला जातो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसले, हे बरोबर. त्यासाठी फ्रेंच शास्त्रज्ञ ज्यूल जान्सन आंध्रातल्या गुंटूरला आले होते. लेफ्टनंट जॉन हर्शेल जमखंडीला होते आणि पॉगसन मछलीपट्टणला. सूर्याच्या कडेवरून उसळणाऱ्या ज्वाळांच्या वर्णपटातील, म्हणजे प्रकाश रंगांत फोडल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यातील, तेजस्वी रेषा या निरीक्षकांनी पाहिल्या. त्या रेषा इतक्या ठळक होत्या की, ग्रहण नसतानाही त्या दिसतील हे जान्सन यांनी ओळखले आणि दुसऱ्याच दिवशी तसे करून दाखवले. नॉर्मन लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते. त्यांनी तिथूनच, ग्रहणाविना, २० ऑक्टोबर १८६८ रोजी त्या रेषा स्वतंत्रपणे पाहिल्या. त्यांतली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषांच्या शेजारी असली, तरी त्यांच्याशी जुळत नव्हती. ती पृथ्वीवर तोवर न सापडलेल्या मूलद्रव्याची असावी, या विचारापर्यंत लॉकियर पुढे पोहोचले आणि हेलियम हे नाव त्यातून आले. पृथ्वीवर हा वायू विल्यम रॅमसे यांनी १८९५ मध्ये एका युरेनियमयुक्त खनिजातून मिळवला.

मग विजयदुर्गाचे नाव यात आले कुठून? लॉकियर विजयदुर्गावर खरोखर आले होते, पण ३० वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाची पट्टी कोकण किनाऱ्यावरून देशावर आणि पुढे नागपूरकडे गेली होती. त्या ग्रहणासाठी लॉकियर यांची तुकडी विजयदुर्गावर उतरली आणि मेल्पोमिनी या ब्रिटिश युद्धनौकेवरच्या खलाशांनी त्यांना मदत केली. किल्ल्यातल्या ज्या चौथऱ्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात, त्यांचा संबंध लॉकियर यांच्याशी जोडायचा, तर तो याच मोहिमेशी जोडावा लागेल. त्याच दिवशी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊर येथे पुण्याच्या वेधशाळेचे प्रा. कावसजी नायगमवाला निरीक्षण करत होते आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तिथे होती. या मातीतल्या एका खगोलशास्त्रज्ञाचे नाव त्या दिवसाशी खरोखर जोडलेले असताना ते कोणाला माहीत नसावे आणि न घडलेल्या शोधाचा मात्र दरवर्षी उत्सव व्हावा, याचे मनापासून वाईट वाटते. एकेकाळी युद्धनौकांनी ज्याच्यावर गोळे डागले, त्याच किल्ल्यात १८९८ मध्ये एका युद्धनौकेचे खलाशी दुर्बिणी उभारत होते. एवढी खरी हकिकत हाताशी असताना खोट्या श्रेयाची उसनवारी कशाला हवी?

पाचवा दावा म्हणजे खरे तर मागणी आहे : किल्ला पडीक आहे, हॉटेलला द्या. किल्ला ओस पडलेला नाही. आरमार गेल्यावर विजयदुर्गाचे बंदर चालू राहिले. मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या प्रवासी बोटी तिथे लागत असत, आणि मासेमारीच्या होड्या आजही किल्ल्याच्याच आडोशाला नांगरतात. किल्ला विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय बांधता येत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारशात समावेश केला, त्यांत विजयदुर्ग आहे आणि साक्री-पिंपळनेरच्या लोकांना शेजारचाच असलेला साल्हेरही आहे. साल्हेरवर हॉटेल बांधा, असे आपण म्हणणार नाही. तटाची पडझड होते, चिऱ्यांच्या सांध्यांत झाडे मुळे धरतात, आणि त्यावर सातत्याने खर्च व्हायला हवा, हे मान्य. त्यासाठी पुरातत्त्व खात्याकडे निधीचा आणि कामाच्या वेळापत्रकाचा आग्रह धरता येतो. वास्तूचा वापर काळाप्रमाणे बदलतो, आणि विजयदुर्गाचा तर पाच-सहा वेळा बदलला. परंतु तिचा पुरावाच मोडून टाकणाऱ्या वापराला बदल म्हणता येत नाही.

दुर्लक्ष कुठे आहे ते नेमके सांगायचे, तर ते गोदीकडे आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. किल्ल्यापासून खाडीने थोडे आत गेले की, कातळ खोदून तयार केलेली मराठ्यांची गोदी लागते. ती सुमारे १०९ मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असून तिचे तोंड उत्तरेकडे आहे. ४०० ते ५०० टनांची जहाजे इथे बांधली आणि दुरुस्त केली जात. तटबंदी आणि बुरूज महाराष्ट्रात शेकडो ठिकाणी पाहायला मिळतात, पण लढाऊ जहाजे जिथे जन्माला येत आणि जखमी होऊन परतत, ती जागा इतक्या स्पष्ट आकारात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. विजयदुर्गाला जाणाऱ्या सहली मात्र बुरूज पाहून, ओट्यांवर फोटो काढून परततात. ज्या शिक्षकांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांनी येत्या सहलीच्या कार्यक्रमात गोदीसाठी एक सकाळ राखून ठेवावी आणि १८ ऑगस्टच्या फळ्यावर गुंटूर, जान्सन आणि १८६८ हे एका ओळीत, तर विजयदुर्ग, लॉकियर आणि १८९८ हे दुसऱ्या ओळीत लिहावे.