तपासणी वेगळी, उपचार वेगळे

‘कामावर अपघात होऊन भरपाई सुरू झाली, की कंपनीच्या डॉक्टरकडे जाऊ नका. तो कंपनीचाच माणूस. नाही गेलात तर कोणी काही करू शकत नाही. गेलात तर त्याचंच औषध घ्यावं लागतं आणि खर्च भरपाईतून कापतात.’ हा मेसेज माझ्याकडे चार जणांनी पाठवला. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू नसलेल्या कामगाराने तो खरा मानला, तर पैसे त्याचेच जातील.

‘कोणी काही करू शकत नाही’ हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. १९२३च्या कर्मचारी भरपाई कायद्याचं कलम ११ बघा (२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही तरतूद कायम आहे). अपघाताची नोटीस मिळाल्यावर मालकाने तीन दिवसांच्या आत मोफत तपासणी देऊ केली, तर जावंच लागतं. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के रक्कम मिळते. ती घेत असताना बोलावलं तरीही जावं लागतं. सबळ कारण नसताना नकार दिला, तर तो नकार असेपर्यंत हक्क स्थगित, आणि तेवढ्या दिवसांचे पैसे मागाहूनही मिळत नाहीत. हात मोडला की माणूस आधी गाव गाठतो. पण तपासणीआधीच निघून गेलात, तर परत येईपर्यंत हीच गत.

म्हणून मालकाने वाटेल तेव्हा बोलवायचं असंही नाही. १९२४च्या नियमांनुसार राहत्या जागेबाहेर पहिल्या महिन्यात दोनदा, पुढे महिन्यातून एकदाच. संध्याकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात संमतीशिवाय नाही. हलण्यासारखी स्थिती नसेल, तर डॉक्टरनेच घरी यायचं. पुरुष डॉक्टर महिलेला तपासणार असेल, तर दुसरी बाई हजर हवी. नाहीतर त्या महिलेची संमती हवी.

डॉक्टर मालकाचा, ही शंका मला अगदीच खुळी वाटत नाही. पण तपासून घेतलं म्हणजे औषध त्याचंच, हे कुठून आलं? उपचार आपल्या डॉक्टरकडे खुशाल घ्या, फक्त नियमित घ्या. मालकाने देऊ केलेले मोफत उपचार विनाकारण नाकारले, दुसरीकडेही धड घेतले नाहीत आणि दुखापत चिघळली, तर वाढलेल्या भागाची भरपाई मिळत नाही.

राहिला खर्च. २००९च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो, भरपाईहून वेगळा. पावत्या तेवढ्या जपून ठेवा.