पानिपतावर पोरांना मत लिहू द्या

२०२३ च्या सुरुवातीला पुण्यात एमपीएससीची पोरं रस्त्यावर बसली होती ते अनेकांना आठवत असेल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायवाली न राहता वर्णनात्मक होणार, यूपीएससीसारखी, म्हणजे गोल काळे करायचे नाहीत तर उत्तरं लिहायची, आणि तेही त्याच वर्षीपासून. पोरांची मागणी होती की २०२५ पासून करा आणि शेवटी आयोगाने ते मान्य केलं. मी इकडे न्यू जर्सीत बसून हे सगळं बघत होते आणि आमच्या पुण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरळ दोन तट पडले होते. एक गट म्हणे ज्यांना चार पानं लिहायची भीती वाटते त्यांनी अधिकारी कशाला व्हायचं, दुसरा म्हणे कॉट बेसिसवर राहून, मेसचे डबे खाऊन ज्यांनी इतकी वर्षं एका पॅटर्नचा अभ्यास केला त्यांचं काय. मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की पोरांची बाजू बरोबर होती, पण माझं कारण थोडं वेगळं आहे. पंचविशीला आलेल्या त्या पोरांना शाळेत, ज्युनियर कॉलेजात, कुठेच कुणी मुद्दा मांडून तो पुराव्यानिशी लिहायला शिकवलेलं नाही. जे सोळाव्या वर्षी शिकवायला पाहिजे ते एकदम नोकरीच्या परीक्षेत मागायचं आणि वर त्यांनाच घाबरट म्हणायचं, हे मला पटत नाही.

हे इतकं ठासून म्हणायचं कारण माझी मुलगी. ती इथे अकरावीत आहे आणि तिने एपी यूएस हिस्टरी घेतलंय. एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कुलात असतानाच कॉलेजच्या पातळीचा विषय, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा, १ ते ५ स्कोअर, चांगला आला तर पुढे बऱ्याच कॉलेजांत क्रेडिट मिळतं. पेपर सव्वातीन तासांचा. त्यात ५५ एमसीक्यू आहेत, छोटी उत्तरं आहेत, पण सगळ्यात दमवणारा भाग म्हणजे डीबीक्यू, डॉक्युमेंट-बेस्ड क्वेश्चन, दिलेल्या कागदांवरून लिहायचं उत्तर. सात कागद देतात, कुणाचं पत्र, कुणाचं भाषण, एखादं व्यंगचित्र, एखादा नकाशा, आणि एक प्रश्न. पंधरा मिनिटं वाचायला आणि पंचेचाळीस लिहायला. एकूण मार्कांच्या २५ टक्के हा एकटा प्रश्न खातो. त्याशिवाय एक लांब निबंध ४० मिनिटांचा, त्यात कागद देत नाहीत, सगळं डोक्यातून काढायचं.

प्रश्न कसा असतो ते बघण्यासारखं आहे. अमुक घटनेची कारणं लिहा, परिणाम लिहा, असं नाही विचारत. विचारतात की अमुक गोष्टीमुळे तमुक कितपत बदललं याचं मूल्यमापन करा. सगळी गोम त्या ‘कितपत’ मध्ये आहे, कारण त्याला पाठ केलेलं उत्तरच नाही, बाजू घ्यावी लागते. डीबीक्यूला सात गुण आणि ते कशाला मिळतात हे छापील आहे, कुणीही वाचू शकतं: ठाम दाव्याला एक, आधीचा काळ नीट मांडला तर एक, पुराव्याला तीन (त्यातला एक दिलेल्या कागदांबाहेरच्या माहितीला), कागद कुणी कशासाठी लिहिला हे दोन कागदांबाबत तरी समजावलं तर एक, आणि शेवटचा एक गुण गुंतागुंत दाखवल्याबद्दल, जो फार कमी जणांना मिळतो. व्याकरणाला आणि स्पेलिंगला गुण कापत नाहीत, घाईत लिहिलेला पहिला खर्डा आहे असंच धरतात. आमच्या वेळी इतिहासाच्या पेपरात अक्षर आणि शुद्धलेखनावर जेवढं बोललं जायचं तेवढं मजकुरावर कधी बोललं गेलं नाही, म्हणून मला हे फार मोकळं वाटतं.

आता एक उदाहरण देते. मुलीला रिकन्स्ट्रक्शनवर लिहायचं होतं, म्हणजे यादवी युद्धानंतरची १८६५ ते १८७७ ही वर्षं, गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेत काय बदललं. तिचा पहिला दावा होता, या काळात कृष्णवर्णीयांच्या आयुष्यात बरेच बदल झाले पण काही अडचणी राहिल्या. वाचायला वाईट नाही, पण याच्याशी भांडणार कोण? ज्याला कुणी नाही म्हणूच शकत नाही तो दावा नसतो. बाईंनी शेजारी एवढंच लिहिलं होतं, कुठले बदल आणि का राहिल्या. मग दोन-तीन संध्याकाळी घालवून तिने जे केलं ते असं: घटनादुरुस्त्यांनी १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, १८६८ ला नागरिकत्व आणि १८७० ला पुरुषांना मताधिकार मिळाला, पण जमीन मिळाली नाही, माणसं त्याच जुन्या मालकांच्या शेतावर वाट्याने राबत राहिली, आणि पोट ज्याच्या हातात त्याच्या विरोधात मत टाकायची ताकद टिकत नाही, म्हणून १८७७ ला केंद्राचं सैन्य मागे घेतल्यावर ते हक्क हातातून निसटले. आता याच्याशी भांडता येतं. कुणी म्हणेल जमीन नव्हे, खरी अडचण हिंसा होती, कृष्णवर्णीयांवर हल्ले करणारी गोऱ्यांची संघटना कू क्लक्स क्लॅन होती. मग त्याला उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तरही तिने निबंधातच दिलं, की उत्तरेच्या फौजेचा सेनापती शर्मन याच्या १८६५ च्या आदेशाने जिथे जमिनी वाटल्या होत्या त्यातल्या बहुतेक त्याच वर्षी अध्यक्ष जॉन्सनने परत घेतल्या, म्हणजे हिंसेची लाट येण्याआधीच पाया काढून घेतलेला होता. पटो न पटो, सोळा वर्षांची मुलगी हे स्वतःच्या डोक्याने मांडते याचा मला आनंद आहे आणि तो मी लपवणार नाही.

याच विषयावरून आमच्या घरात फुले आले. जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ काढली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त केलं म्हणून. मी लेकीला म्हटलं, समज हा तुझ्या सात कागदांतला एक कागद आहे, काय करशील? कागद कुणी लिहिला, कधी, कुणासाठी. तर पुण्यात बसलेला माणूस, शूद्रातिशूद्रांच्या मुलींच्या-मुलांच्या शाळा काढलेला, इथल्या जातीच्या जोखडाविरुद्ध लिहितोय आणि अमेरिकेचा दाखला देतोय की बघा, तिकडे जमलं. १८७३ मध्ये जॉर्जियाच्या शेतावर काय चाललं होतं याचा पुरावा म्हणून हा कागद फारसा उपयोगाचा नाही. पण गुलामगिरी संपल्याची बातमी किती लांब पोचली आणि एका सुधारकाने तिचा काय उपयोग केला, याचा त्याहून चांगला पुरावा मिळणार नाही. एकच कागद एका प्रश्नाला कच्चा आणि दुसऱ्याला पक्का. मला विचाराल तर इतिहासाच्या निबंधातली निम्मी विद्या एवढीच आहे.

आणि आपल्या घरच्या वादांत नेमकं इथेच घोडं अडतं. बखर म्हणजे दंतकथा, फारसी साधन म्हणजे शत्रूचं, इंग्रज लेखक म्हणजे हेतुपुरस्सर, अमुक आडनावाचा संशोधक म्हणजे त्याच्या जातीचा. लिहिणारा कोण हे बघायलाच पाहिजे, पण ते बघून कागद फेकून द्यायचा नसतो, तो कुठल्या बाबतीत कामाचा आहे हे ठरवायचं असतं. इथल्या पोरांचंही हेच होतं बरं का, हे डॉक्युमेंट बायस्ड आहे एवढं लिहून थांबतात आणि त्याला शून्य मिळतो, कारण बायस्ड आहे, मग? तुझ्या मुद्द्याला त्याने काय फरक पडला? २००४ च्या जानेवारीत भांडारकर संस्थेत जमाव घुसला, एका परदेशी लेखकाच्या पुस्तकावरून पोथ्यापुस्तकांची नासधूस झाली, ते पुणेकर विसरलेले नाहीत. निबंध लिहायला शिकवल्याने असं काही थांबेल असा माझा दावा नाही. पण पुस्तकातलं विधान चूक वाटलं तर त्याला कागदावर, पुराव्याने उत्तर द्यायचं असतं ही सवय कुठेतरी लागायला हवी, आणि ती लावण्यासाठी शाळेतल्या इतिहासाच्या तासाइतकी चांगली जागा मला तरी दिसत नाही.

इकडे सगळं छान आणि तिकडे सगळं वाईट असं कुणी वाचू नये. इथे साचे फार झालेत. जरी अमुक असलं तरी तमुक आणि तमुकमुळे ढमुक, या एका वाक्यात वर्गातली निम्मी पोरं थीसिस बसवतात, ट्यूटर तासाला भरपूर डॉलर घेऊन तोच साचा विकतात, आणि ४० मिनिटांच्या घाईत विचार कमी आणि रकाने भरणं जास्त होतं. शिवाय कालक्रमाची बोंब असते. माझ्या बहिणीच्या मुलाला, जो पुण्यात नुकताच दहावी झाला, १८५७ ते १९४७ मधल्या घटना उलटसुलट विचारल्या तरी ओळीने येतात, इथे कित्येकांना आधी काय आणि नंतर काय हेच नीट माहीत नसतं, आणि आधी-नंतर माहीत नसेल तर कारण आणि परिणाम कसे लिहिणार. पाठांतराला आपण उगाच शिव्या घालतो. सनावळी डोक्यात असणं हे भांडवल आहे, फक्त आपण ते पोरांना खर्चच करू देत नाही.

त्या भाच्याचं पुस्तक मी मुद्दाम मागवून वाचलं. दहावीचं २०१८ साली आलेलं इतिहासाचं पुस्तक सुरूच होतं इतिहासलेखनापासून, त्यात व्हॉल्टेअर आहे, हेगेल, रांके, मार्क्स, अगदी फुकोसुद्धा आहे, पुढच्या धड्यात बखरी, राजवाडे, भारत इतिहास संशोधक मंडळ. मी थक्क झाले, इथल्या एपीच्या पुस्तकात इतकं नाही. आणि धड्याखाली प्रश्न काय, तर आधुनिक इतिहासलेखनाचा जनक कोण, चार पर्यायांतून निवडा. मग टिपा लिहा, सकारण स्पष्ट करा, संकल्पनाचित्र पूर्ण करा. सकारण स्पष्ट करा हा प्रकार खरं तर युक्तिवादाच्या अगदी जवळचा, पण विधान आधीच दिलेलं असतं आणि कारणं पुस्तकात नंबर टाकून असतात, गाईडात तर ठळक अक्षरात. अपेक्षितमधले प्रश्न केले की झालं. ४० मार्कांत इतिहास आणि राज्यशास्त्र दोन्ही उरकायचं, तिथे मुलगा मत कुठे मांडणार. बहिणीला हे बोलले तर ती म्हणाली, ताई, मत लिहिलं आणि तपासणाऱ्याला पटलं नाही तर मार्क गेले, जबाबदार कोण? तिचं चूक नाही. गुण कशाला हे छापील नसेल तर कुठलीही शहाणी आई पोराला पुस्तकातलंच लिही म्हणणार.

पण हे करता येण्यासारखं आहे. इथे जूनमध्ये देशभरचे शिक्षक आणि प्रोफेसर पेपर तपासतात, आधी त्यांना नमुन्याचे निबंध देऊन तपासायचं ट्रेनिंग होतं, आणि नंतर ते नमुने कुठल्या निबंधाला किती आणि का अशा शेऱ्यांसकट सगळ्यांना बघायला मिळतात. आपल्या बोर्डातही परीक्षकावर नियामक असतो, म्हणजे यंत्रणा आहे. सगळा पेपर बदलायला कुणी सांगत नाही, बारावीच्या ८० मार्कांतला एक प्रश्न, तीन कागद, एक ‘कितपत’. साठ-सत्तरच्या वर्गात शिक्षकांनी तपासायचं कधी हा प्रश्न खराच आहे, आणि म्हणूनच एकापासून सुरुवात.

आणि कागद शोधायला पुणेकरांना लांब जायला नको. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ चा पहिला खंड काढला त्यात पानिपताच्या आधीची पत्रंच पत्रं आहेत. भाऊसाहेब गोविंदपंत बुंदेल्यांना पैसा पाठवा, रसद पाठवा म्हणून लिहितात, त्यातलं एक घ्या. अब्दालीच्या बाजूने असलेला अवधचा नवाब शुजा, त्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने बऱ्याच वर्षांनी फारसीत लिहिलेली हकिकत आहे, तिच्यातला एक उतारा घ्या. भाऊसाहेबांच्या बखरीतला एक घ्या. आता बघा, पत्र लिहिणाऱ्याला पैसे हवेत म्हणून तो टंचाई ठसवून लिहिणार, पण ते लढाईच्या आधीचं आहे, निकाल माहीत नसताना लिहिलेलं. काशीराज शुजाच्या छावणीत होता म्हणून तिथल्या वाटाघाटी त्याला ठाऊक, मराठ्यांच्या गोटात काय वातावरण होतं ते मात्र ऐकीव. आणि प्रश्न द्या, १४ जानेवारी १७६१ च्या पराभवाने मराठी सत्ता कितपत खचली.

मी भाच्याला हाच प्रश्न सुट्टीत दिला. दीड पान लिहून त्याने फोटो पाठवले. त्याचं म्हणणं, फार खचली नाही, कारण १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाला हरवलं आणि १७७१ मध्ये दिल्ली घेतली, १७७२ च्या जानेवारीत महादजी शिंद्यांनी मुघल बादशहा शहा आलमला तिथे आणून बसवलं, म्हणजे दहा वर्षांत उत्तरेत परत उभे. सना सगळ्या बरोबर, दावाही भांडण्यालायक. मला मात्र पूर्ण पटलेलं नाही. दिल्ली परत आली, पण पुढे तिथे जोर महादजींचा राहिला, पुण्याचा नाही, आणि पेशव्याच्या घरातच जे सुरू झालं त्याचं काय? नानासाहेब पेशवे १७६१ च्याच जूनमध्ये पर्वतीवर वारले, आणि पुढच्याच वर्षी आळेगावला रघुनाथराव आणि माधवराव हे काका-पुतणे समोरासमोर लढले. मी त्याला एवढंच विचारलंय की आळेगाव तुझ्या निबंधात कुठे बसतं. त्याचं म्हणणं आहे की ते पानिपतामुळे झालंच नसेल, रघुनाथरावांचा स्वभाव आधीपासूनच तसा होता, आणि ते तो १७६१ च्या आधीच्या पत्रांतून दाखवणार आहे.