जागा उन्हाळ्यात बघू नका

आज सकाळी भाच्यासोबत प्लॉट बघायला गेले होते. घरी आले, जेवण झालं, भांडी झाली, तरी डोकं तापलेलंच आहे. म्हणून लिहितेय. लांबलचक होईल, वाचणाऱ्यांनी वाचा.

गावाचं नाव लिहीत नाही. पंचगंगेच्या अंगाला, कोल्हापूर शहरापासून गाडीवर थोडक्यात पोचता येतं एवढं पुरे. लाल मुरूम टाकून सपाट केलेला पट्टा, चुन्याच्या रेघा, कोपऱ्याकोपऱ्यात सिमेंटचे खुंट, पुढं कमान. पोरगं एकदम खूश. सूनबाई मोबाईलवर दिशा बघत होती, पूर्व कुठं येते आणि देवघर कुठं बसेल. आणि एजंट आमच्या मागं मागं, "ताई, जागा एनए, म्हणजे बिगरशेती, होणारच आहे, आज टोकन देऊन ठेवा, पावसाळ्यानंतर ह्यो भाव मिळणार न्हाई."

मी एकच विचारलं, पुराचं पाणी येतं का इथं?

"हितं? छे! २०१९ ला सुद्धा न्हाई आलं."

त्याच्या मागंच विजेचा खांब होता. खांबावर रंगवलेला नंबर माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. आता मला सांगा, खांब रोवताना कोण गुडघ्याला नंबर घालतं का? नंबर होता तिथंच आहे, जमीन वर आलीय. तीन-चार फूट मुरूम पडलाय तिथं, आणि कडेला वळवाच्या पावसानं त्याला ओघळ पडलेत, त्यातून खालची काळी माती स्वच्छ दिसते. पलीकडं लव्हाळा उगवलाय. लव्हाळा काय माळावर उगवतो?

शेजारी एक गोठा आहे. तिथल्या मावशी शेणी लावत होत्या. त्यांना विचारलं. त्या उठल्या, शेणाचाच हात भिंतीवर माझ्या खांद्याच्या वर टेकवला आणि म्हणाल्या, "ह्यो एकोणीसचा. एकवीसचा ह्येच्याबी वर. म्हशी सोडून दिल्या आनि आमी साळंत जाऊन ऱ्हायलो." मग मुरमाकडं बघून म्हणाल्या, "आता ह्येनी एवढा भराव टाकलाय, तितलं पानी कुठं जानार बाई? माज्याच गोठ्यात."

एजंट फोनवर बोलत लांब गेला.

मला राग कशाचा आला सांगू? खोटं बोलला याचा आलाच. पण त्याहून जास्त याचा आला, की मावशी हाकेच्या अंतरावर होत्या आणि आज तिथं आलेल्या चार-पाच कुटुंबांपैकी एकानंही त्यांना विचारलं नव्हतं. लोक ईशान्य कोपरा बघायला माणूस घेऊन येतात, त्याला दक्षिणा देतात. उतार कुठं आहे, पाणी कुठून येतं आणि कुठं जातं, हे फुकटात सांगणाऱ्या बाईकडं बघत नाहीत.

माझ्या आण्णांनी जागा घेतली तेव्हा मी शाळेत होते. आण्णा उद्यमनगरात फौंड्रीत मोल्डर. मंगळवार पेठेत भाड्याच्या दोन खोल्या, घरमालकाची रोजची कटकट, आईला कधी एकदा स्वतःचं घर होतंय असं झालेलं. मामांनी एक प्लॉट आणला. नाल्याच्या बाजूला, सपाट, स्वस्त, बस स्टॉप जवळ. उन्हाळ्यात बघितला तर कुणालाही आवडेल असाच. आईनं तर स्वयंपाकघर कुठल्या कोपऱ्यात ते पण ठरवून टाकलं. आण्णा एवढंच म्हणाले, "आखाडात बघू."

मामा चिडले. जागा काय तोवर थांबतीय का, म्हणाले. आणि शेवटी त्यांनी स्वतःच तिथला प्लॉट घेतला.

तो आखाड १९८९ चा होता. ज्यांना आठवतोय त्यांना जास्त सांगायला नको. त्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा द्यायला लागल्या. आण्णांनी मला सायकलच्या कॅरियरवर बसवून नाल्याकडं नेलं. प्लॉटवर कुंपणाच्या खांबांची टोकं तेवढी पाण्याच्या वर होती. नाल्याला पाणी वरून आलंच नव्हतं, नदी फुगली आणि तिनं नाला उलटा ढकलला. जयंती नाल्याच्या कडेच्या लोकांना हे सांगायला लागत नाही. नदीपासून लांब आहे म्हणून निवांत राहणाऱ्यांनी ही एक गोष्ट तेवढी ध्यानात घ्यावी.

मामांचं म्हणणं, असा पूर शंभर वर्षांत एकदा. २००५ आलं. २०१९ आलं, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि पाणी गेलं ५५ च्या वर. मग वाटलं, झालं, आता आपल्या हयातीत नाही. दोनच वर्षांनी २०२१ ला परत ५५ च्या वर. दोन्ही वेळेला शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू हायवे पाण्याखाली, शहर तुटलेलं. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लालच्या मध्ये अटी घालून परवानगी. पण शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची नव्व्याण्णव वर्षं सुट्टी, असं नसतं हो. तो कुठल्याही वर्षी येऊ शकतो, लागोपाठही येऊ शकतो, आणि आपण ते बघितलंय. बघूनसुद्धा टोकन देतोय, हे मला कळत नाही.

आणि तो भराव! यावर मला खरंच शांतपणे लिहिता येत नाही. तुमचा प्लॉट चार फूट उंच झाला, चांगलं झालं. तिथं जे पाणी पसरायचं ते गेलं कुठं? कुणाच्या तरी चुलीपर्यंत गेलं ना? प्लॉट पाडणारा पैसे घेऊन मोकळा. घेणाऱ्याचं घर मुरमावर, तोही नीट दाबलेला नाही, खाली काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भिंतीला तडे जातात. फाउंडेशन खाली पक्क्या मुरमापर्यंत न्यायचं तर स्वस्त प्लॉटमध्ये वाचलेले पैसे तिथंच जातात. हे त्या एजंटला माहीत नाही असं मी मानतच नाही.

बरं, कागदाचंही तेच. भाच्याला सातबारा दाखवला एजंटनं, मोबाईलवर, मालकाचं नाव मोठं करून. मी म्हटलं, उजवीकडचं इतर अधिकार दाखव. आण्णा नेहमी तिथूनच वाचायचे. मालकाचं नाव तर कुणीही वाचतो, घोळ असतो तो उजव्या बाजूला. बोजा तिथं, कुळाची नोंद तिथं, पुनर्वसनाचा शेरा तिथं. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारनं अटी घालून दिलेली जमीन असेल तर परवानगीशिवाय विक्री नाही. आणि आपल्या जिल्ह्यात देवस्थान इनामाच्या जमिनी किती आहेत! त्या विकताच येत नाहीत, तरी त्यावर प्लॉट पडतात आणि माणसं घेतात. मालकाच्या बहिणींच्या सह्या आहेत का ते तर विचारायचीच पद्धत नाही. २००५ पासून मुलीचा वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क आहे, उद्या त्या बहिणीनं दावा टाकला तर ती चुकीची नाही, तुम्ही अडकलात.

या प्लॉटचं उत्तर काय मिळालं? "सहा जणांत मिळून खरेदी करायची, उताऱ्यावर सगळ्यांची नावं येतात, जागेवर आपापली रेघ." म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट, तुमचा फक्त चुन्यापुरता. एक पाऊस पडला की चुना गेला. पुढं कर्ज काढायचं, परवाना काढायचा, विकायचं, तर बाकी पाच जणांच्या मागं फिरा. जमिनीचे छोटे तुकडे पडू नयेत म्हणून केलेला तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे, आणि तरीही पडलेले असे गुंठ्यागुंठ्याचे प्लॉट, म्हणजे गुंठेवारी, नियमित करायचा कायदा २००१ चा. नियमित होईल या भरवशावर आधी घ्यायचं आणि मग सरकारकडं बघत बसायचं, ही पद्धतच पडलीय. हो, काहींचं होतं नियमित. होतं, मान्य आहे.

अजून एक मान्य करते. शहरात जागा उरलेली नाही. महापालिका १९७२ ला झाली, तेव्हापासून आपण हद्दवाढीचं भांडण ऐकतोय. भोवतीच्या ४२ गावांसाठी २०१७ ला विकास प्राधिकरण आलं. तरी साध्या पगाराच्या माणसाला परवडेल अशी, उंचावरची, कागद स्वच्छ असलेली जागा दाखवा म्हटलं तर मलाही पटकन दाखवता येणार नाही. भाचा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. भाडं जातं, पोरीची शाळा आहे, त्यातून त्यानं पैसे साठवलेत. सूनबाईनं तिचं एक गंठण बाजूला काढून ठेवलंय टोकनसाठी. आज परत येताना ती गाडीवर काही बोलली नाही. मला तिचं वाईट वाटतंय. स्वतःच्या दारात तुळस लावायची तिला घाई आहे, आणि त्या घाईचाच हे लोक धंदा करतात.

उंचावर पाण्याची बोंब आहे, हेही खरं. आम्ही पाचगावकडंच राहतो, टँकरची वाट बघणं काय असतं ते मला ठाऊक आहे. आण्णांनी तिथं जागा घेतली तेव्हा सगळे म्हणाले, माळावर कोण राहायला जातंय, रात्री कोल्ही ओरडतात. आण्णांनी तीही जागा पावसात बघितली. कमरेएवढा खड्डा पहारीनं स्वतः काढला, मुरूम कुठं लागतो ते बघितलं, रात्रीच्या पावसानंतर सकाळी जाऊन खड्ड्यातलं पाणी किती उरलंय ते बघितलं. गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसून बिडी ओढली आणि सगळी चौकशी केली. मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात आल्यावरच खरेदी. आई वैतागली होती, पण थांबली.

२०१९ ला मामांच्या घरातली सगळी आमच्याकडं आली. होडीतून काढलेली माणसं, अंगावरच्या कपड्यांनिशी. मामा तेव्हा नव्हते. मामीनं एक प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून आणली होती, त्यात घराचं खरेदीखत. पिशवीत पाणी गेलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर मामी आमच्या पलंगावर सुती साडीची घडी टाकून, त्यावर एकेक पान ठेवून, वरून फडकं घालून इस्त्री फिरवतायत. शाई पसरली होती. मी म्हटलं, मामी, नक्कल मिळते रजिस्टर ऑफिसात, राहू द्या. त्या म्हणाल्या, "यांची सही आहे गं ह्यावर." आणि इस्त्री फिरवत राहिल्या.

मामांना मी दोष देत नाही. त्यांना जे दिसलं त्यावर त्यांनी घेतलं, त्या काळात नकाशा बघायला कुणाकडं जायचं हेही माहीत नव्हतं. आज सगळं माहीत आहे. गांधी मैदान म्हणजे जुनं वरुणतीर्थ तळं, बुजवून किती वर्षं झाली, तरी पाऊस झाला की अजून तिथं पाणी साचतं, हे शिवाजी पेठेतलं शाळेतलं पोर पण सांगेल. असलं गाव आहे आपलं. मग नदीच्या काठाला मुरूम टाकून "इथं पाणी येत नाही" म्हणणाऱ्याला तोंडावर खोटं म्हणायला आपण लाजतो कशाला?

भाच्याला मी सांगितलंय, जुलैपर्यंत एक रुपया द्यायचा नाही. तो नाराज आहे. असू दे. तोवर भाव वाढेल म्हणतोय. वाढू दे. माझ्याकडून जमेल तेवढी भर मी घालेन, हे पण त्याला सांगितलंय.

आता तुमच्याकडून एक हवंय. २०१९ ला आणि २०२१ ला तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात पाणी नेमकं कुठवर आलं होतं, ते खाली कमेंटमध्ये लिहा. दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्क, बापट कॅम्प, कदमवाडी, शिये, वडणगे, जिथले असाल तिथलं. देवळाच्या पायरीपर्यंत, शाळेच्या खिडकीपर्यंत, दुकानाच्या पाटीपर्यंत, अशी खूण सांगा. जुने फोटो असतील तर टाका, तारखेसकट. घरातल्या म्हाताऱ्यांना २००५ चं आणि ८९ चं विचारून तेही लिहा. कुणी प्लॉट बघायला निघालं असेल तर त्याला टॅग करा.