कारभार एकाचा, मत दुसऱ्याला

शेजारच्या काकूंना आज दुपारी महापालिकेचा मेसेज आला, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.' दारातलं ड्रेनेजचं चेंबर तेव्हाही भरून वाहत होतं. टाकलेल्या विटांवरून तोल सावरत त्या मला फोन दाखवायला आल्या. डोकंच फिरलं.

त्यांनी काय करायचं ठेवलंय? वॉर्ड ऑफिसात आरोग्य खातं म्हणालं ड्रेनेजकडे जा. ड्रेनेजवाले म्हणाले, खोदायचं तर रस्ते विभागाची परवानगी आणा. मग नगरसेवक. प्रभागात चौघे निवडून आलेत, त्यामुळे प्रत्येकाला बोट दाखवायला तिघे आहेत!

काकूंना अजून वाटतं, महापौरांच्या कानावर घातलं की काम होईल. कसं होणार? मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा घ्या नाहीतर बाकी शहरांचा १९४९ चा, अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे. आयुक्त नेमतं राज्य सरकार. स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते, महापौर सभा चालवतात आणि अडीच वर्षांत खुर्ची सोडतात. चेंबर उपसायला माणूस पाठवणारी यंत्रणा आयुक्तांची, आणि त्यांना काकूंचं मत लागत नाही.

हो, टक्केवारी खाणारे नगरसेवक मलाही माहीत आहेत. आयुक्तांमुळे थोडी शिस्त राहते, तेही असेल.

पण मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं थेट जानेवारी २०२६ मध्ये. तोवर सरकारने नेमलेले प्रशासक! मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या असं राज्यघटनेत लिहिलंय ना? आरक्षण, प्रभागरचना, कोर्ट, कारणं ठाऊक आहेत. पण एवढ्या वर्षांत हजारो कोटींची बजेटं मंजूर झाली आणि सभागृहात उठून 'आमच्या गल्लीचं काय?' विचारणारा एक माणूस नव्हता. काकूंसारख्या बाईने कुणाचं दार वाजवायचं होतं?

चेंबर बघायला आलेल्या ज्युनिअर इंजिनिअरवर मात्र माझा राग नाही. पोरगा घामाघूम झाला होता. पाण्याच्या जोराने तुंबलेली लाइन मोकळी करणारी जेटिंगची गाडी मिळत नाही म्हणाला, काकूंनी दिलेलं पाणी प्यायला आणि पुढच्या तक्रारीकडे पळाला. त्याच्याही हातात काय आहे?

मुंबईत १९९८ मध्ये 'मेयर-इन-कौन्सिल' आणली होती, निवडून आलेल्यांच्या हाती कारभार द्यायला. पुढच्याच वर्षी गुंडाळली. अरे, रुळू तरी द्यायची! महापौराला खरे अधिकार द्या, पूर्ण पाच वर्षं द्या, आयुक्तांना त्याच्यापुढे उत्तर द्यायला लावा. मग तुंबलेल्या चेंबरचा जाब आम्ही मतपेटीतून घेऊ. मतं मागायला आमच्या गल्लीत एवढे जण आले, पण यावर एकानेही अक्षर काढलं नाही.