ऑटोमॅटिकचं तेल आणि बार्जवाले भाऊ

माझ्या गाडीच्या गिअरबॉक्समधून काढलेलं तेल एक लिटरच्या पाण्याच्या बाटलीत भरून फोंड्याच्या एका गॅरेजच्या काउंटरवर ठेवलंय आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते दाखवतात. परवा मी तिथेच बसलेलो असताना दाखवत होते. माणूस आधी बाटलीकडे बघायचा, मग विचारायचा "कोणाचं?", मग माझ्याकडे बघायचा. लघवीचा रिपोर्ट भर वेटिंग रूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला तर कसं वाटेल, तसं. एका बाईंनी तर च्च च्च केलं. स्कूटरचा ब्रेक लावून घ्यायला आल्या होत्या हो, त्यांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी संबंध काय!

थोडक्यात सांगतो. गाडी 2010 ची, चार गिअरची, जुन्या पद्धतीची टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारी. पंधरा वर्षं भरली म्हणून 5000 रुपये फी भरून रजिस्ट्रेशन पुढे पाच वर्षं वाढवून घेतलंय, म्हणजे सरकारच्या हिशोबाने ती अजून जिवंत आहे. पण सकाळी डी मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, टाकली की आधी विचार करते, मग झटका देऊन निघते, आणि फर्मागुढीच्या चढणीला दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये कुठेतरी इंजिन नुसतं ओरडतं, गाडी पुढे जात नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, सर हे तेल लाइफटाइम असतं, उघडायचंच नाही, आणि त्याच श्वासात एक्स्चेंज ऑफरचा कागद पुढे सरकवला. मॅन्युअलच्या मागच्या तक्त्यात मात्र स्वच्छ छापलंय की उकाडा, चढण आणि सारखं थांबत-थांबत चालवणं असेल तर ठरावीक किलोमीटरला तेल बदला. आता गोव्यात राहून यातलं काय टाळणार? पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये एकदा अडका, तिन्ही एकदम मिळतात. पण तो तक्ता वाचलेला माणूस सर्व्हिस सेंटरला नको असतो, त्यांना नवी गाडी घेणारा हवा असतो. असो.

तर फोंड्याच्या या गॅरेजात गेलो. मेकॅनिक तरुण, कामाला चोख, तोंडाने मुका. आणि त्याच्या वाटचं सगळं बोलायला भाऊ.

भाऊ गॅरेजचे कोणीच नाहीत. मालक नाहीत, गिऱ्हाईक नाहीत, त्यांची स्वतःची गाडीसुद्धा नाही. कुठल्यातरी भंगारातल्या जीपची मागची सीट गॅरेजच्या दारात टाकलीय, त्यावर ते असतात. आयुष्य गेलं खनिजाच्या बार्जीवर, म्हणजे माल वाहणाऱ्या सपाट बोटीवर, इंजिन रूममध्ये, उसगावच्या बाजूने माल भरायचा आणि मांडवीतून मुरगावला न्यायचा. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा बार्जही बांधून ठेवली आणि भाऊ जमिनीवर आले. तेव्हापासून जमिनीवरच्या यच्चयावत गाड्यांना बार्जीचे नियम लागू आहेत.

मेकॅनिकने डिपस्टिक, म्हणजे तेलाची लेव्हल बघायची पट्टी, काढली तशी ती माझ्या हातात यायच्या आधी भाऊंच्या हातात गेली. त्यांनी एक थेंब अंगठ्यावर घेतला, तर्जनीने चोळला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले. नवं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लाल असतं, इंजिन ऑइलपासून वेगळं ओळखू यावं म्हणून मुद्दाम रंग घालतात. माझं काळपट तपकिरी होतं आणि जळका वास येत होता, हे मला लांबूनही कळत होतं. भाऊंनी डोळे उघडले आणि म्हणाले, "हें तेल न्हय रे, हो कसाय."

कसाय म्हणजे काढा. मी हसलो. मग भाऊ म्हणाले, "बदलूं नाका."

"का?"

"आयक मरे. जुनं तेलच गिअर धरून ठेवतं. त्यातला जो गाळ आहे ना, त्याच्यावर प्लेटी चालतात. नवीन पातळ तेल घातलंस की गाळ गेला, प्लेटी सुटल्या, गाडी खाली. आमच्या बार्जीवर असंच झालेलं."

"बार्जीला टॉर्क कन्व्हर्टर असतो?"

"गिअरबॉक्स म्हटला की गिअरबॉक्स. पुढे जाते, मागे जाते. तुझी वेगळं काय करते?"

याला उत्तर नाही. खरं सांगायचं तर भाऊंच्या बोलण्यात चार आणे खरं आहे आणि तेच जास्त त्रासदायक असतं. लोक तेल बदलायला येतात तेच मुळी गाडी घसरायला लागल्यावर, तोवर क्लच प्लेटी झिजून गेलेल्या असतात, मग तेल बदलल्यावर महिन्याभरात गिअरबॉक्स बसला की दोष नव्या तेलाचा. शिवाय मशीन लावून जोरात फ्लश केलं तर कुठला तरी गाळ सुटून बारीक वाटांत अडकू शकतो. म्हणून मी फ्लश नको म्हटलं होतं, नुसता प्लग उघडून निघेल तेवढं काढा, चेंबर उघडून फिल्टर बघा, चुंबकं पुसा, तेवढंच परत भरा. एका वेळी निम्म्याच्या आसपासच निघतं, कधी त्याहून कमी, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसून राहतं. थोडी गाडी चालवायची आणि परत तेच करायचं. हे सगळं मी भाऊंना समजावून सांगितलं. का सांगितलं देव जाणे. मेकॅनिक खाली आडवा पडून ऐकत होता.

भाऊ म्हणाले, "बरं, बदलतोस तर बदल. पण मग औषध घाल."

आणि पिशवीतून त्यांनी एक अर्धी संपलेली ॲडिटिव्हची बाटली काढली. पिशवीतून! ज्या माणसाकडे गाडी नाही त्याच्या पिशवीत भाजीच्या खाली गिअरबॉक्सचं औषध. पुतण्याच्या व्हॅनमध्ये घालून उरलेलं होतं म्हणे. व्हॅन ऑटोमॅटिक नाही, हे मी विचारून घेतलं.

मला या बाटल्यांचा मनापासून राग आहे. त्यात असतं काय? एक तर तेल दाट करणारं काहीतरी, किंवा कडक झालेले रबरी सील मऊ करून फुगवणारं, किंवा प्लेटींची पकड बदलणारं. गळती थोडी असेल तर सीलवालं काही दिवस काम करतं, नाही असं नाही. पण एटीएफमध्ये डिटर्जंट, झीज रोखणारे, घर्षण सांभाळणारे सगळे मसाले कंपनीने मोजून घातलेलेच असतात, त्यात वरून आणखी ओतून तो हिशोब कशाला बिघडवायचा, आणि प्लेटीचं झिजून गेलेलं अस्तर कुठल्याही बाटलीतून परत येत नाही.

भाऊंना गप्प करायला मी माझ्याकडची सगळ्यात मोठी गोष्ट काढली. म्हटलं, भाऊ, अमेरिकेत एकेकाळी या तेलात देवमाशाचं तेल घालायचे. खरंच घालायचे, स्पर्म व्हेलचं, गिअर मऊ पडावेत म्हणून. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला देवमासे वाचवायचा कायदा आला, ते बंद झालं आणि नवी रसायनं शोधावी लागली. म्हणजे बघा, आता शास्त्र किती पुढे गेलंय.

भाऊ सीटवरून उठले. पहिल्यांदाच उठले.

"माशाचं तेल? अरे मग मी काय सांगतोय!" आणि मेकॅनिकला, "ऐकलंस रे? माशाचं तेल घालायचे! होडीला आम्ही माशाचं तेल लावतो ते काय उगाच? लाकूड कुजत नाही. अमेरिकेला कळलं, याला कळत नाही."

पुढची पंधरा मिनिटं तारल्यांचं तेल चांगलं की मोरीचं, म्हणजे शार्कचं, यावर चर्चा झाली. ब्रेकवाल्या बाई तारल्यांच्या बाजूने होत्या. माझ्या गिअरबॉक्सचा खालचा चेंबर उघडा पडला होता आणि मेकॅनिक पाना हातात धरून मोरीच्या बाजूने बोलत होता. त्या दिवशी त्याचा मला ऐकू आलेला तो पहिला शब्द.

मी वैतागून भजी खायला गेलो. परत आलो तर तेल भरून झालेलं, इंजिन चालू, लेव्हल बघणं चाललेलं. भाऊ ओरडत होते की इंजिन बंद करून बघ, बार्जीवर बंद करूनच बघतात. माझ्या गाडीत लेव्हल गरम इंजिन चालू ठेवून, सगळ्या गिअरमधून दांडा फिरवून, सपाट जागेवर बघायची असते, मॅन्युअलमध्ये चित्रासकट आहे. बघितलं तर तेल हॉटच्या खुणेच्या बरंच वर. कारण? भाऊंची बाटली रिकामी. मी भजी खात असताना ओतली. विचारलं नाही, फोन केला नाही, गाडी कोणाची आहे हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. जास्त तेल झालं की आत फेस होतो आणि फेसाने प्रेशर पडतं, म्हणून मग डिपस्टिकच्या नळीतून बारीक पाइप घालून सिरिंजने तेल उपसत बसलो. मीच बसलो. मेकॅनिक बिल करत होता. बिलात "औषध 400". पुतण्याच्या व्हॅनमधलं उरलेलं, अर्धं, 400!

यावर मी भांडलो नाही, कारण दारात उभे राहून सगळे माझी गाडी निघते का ते बघत होते. डी मध्ये टाकली. विचार न करता निघाली. फर्मागुढीला दुसऱ्यातून तिसऱ्यात कधी गेली कळलंसुद्धा नाही. ताजं, योग्य ग्रेडचं तेल घातलं की असंच होतं, बहुतेक वेळा. पण हे आता फोंड्यात कोणाला पटवू? श्रेय बाटलीला गेलंय.

हजार किलोमीटर झाले की राहिलेलं तेल बदलायला परत जायचंय. काल मेकॅनिकला फोन करून अगदी सहज विचारलं की भाऊ कुठल्या दिवशी येत नाहीत.

"भाऊ? रोज असतात. का हो? तुमचीच चौकशी करत होते. मोरीचं तेल मिळालंय म्हणे, मालवणहून."