पूर आल्यावरचा पैसा लगेच येतो, पूर यायच्या आधीचा कुठाय?

दुष्काळी जिल्हा म्हणून आपलं नाव एवढं पक्कं झालंय की सोलापुरात पूर म्हणलं की बाहेरचे लोक हसतात. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नळाला चार-चार दिवस पाणी नाही, आणि तुम्ही कसल्या पुराच्या गप्पा मारताय बे. पण सप्टेंबर 2025 ला सीना नदीनं काय केलं ते बघितलंय की सगळ्यांनी. लांबोटीजवळ पुणे हायवे बंद, माढा-करमाळा-मोहोळकडची गावं पाण्यात, एनडीआरएफ, हेलिकॉप्टर, सगळं झालं. त्याआधी ऑक्टोबर 2020 ला पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत पडून सहा माणसं गेली. तरी सरकारी डोक्यात आपण अजून टँकर आणि चारा छावणीचाच जिल्हा. दामाजीपंतांनी दुष्काळात लोकांसाठी धान्याचं कोठार उघडलं हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहितीय, पण पुरासाठी आधीच तयारी ठेवणाऱ्या कुणाचं नाव सांगा बरं.

आता मुद्द्याचं. पूर ओसरला की दरवेळी कोणतरी पुढारी म्हणतो संरक्षक भिंत बांधू. नदीकाठच्या गावांचं ठीकाय, तिथं विचार करा. पण सोलापूर शहरात भिंत बांधणार कुठं? सीना शहरातनं जात नाही, भीमा तर लांबच. शहराला बुडवतं ते शहरावरच पडलेलं पाणी, आणि हिप्परगा तलाव भरला की सांडव्यातनं आदिला नाल्याला येणारं. हा तलाव, म्हणजे सरकारी कागदावरचा एकरुख, 1871 चा. तो बांधला तेव्हा खाली ओढ्याकाठी रानं होती, आज वसाहती आहेत. आदिला काय आणि शेळगीचा नाला काय, पाण्यानं आपला रस्ता बदललेला नाही, आपणच त्याच्या रस्त्यात जाऊन बसलोय. आणि बसलो ते पण कायदेशीर उतारा, लाइट बिल, टॅक्स पावती सगळं घेऊन.

एक साधा हिशोब करून बघा. एक एकरावर एका रात्रीत 100 मिलिमीटर पाऊस पडला तर 4 लाख लिटर पाणी होतं. 10 हजार लिटरचे 40 टँकर, एका एकरावर! पूर्वी त्यातलं बरंच काळ्या मातीत मुरायचं, उरलेलं निवांत ओढ्यात जायचं. आता त्याच एकरावर स्लॅब, पेव्हर ब्लॉक, सिमेंटचा रस्ता, आणि ओढ्याच्या जागी दोन सिमेंटचे पाइप टाकून वर मुरूम. त्या पाइपच्या तोंडाशी जाऊन कधी उभं राहून बघा, हद्दवाढीत शहराला जोडलेल्या भागात कुठंही जा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, गादीचा कापूस, नारळ, थर्माकोल, आणि निम्म्यापर्यंत गाळ. मे महिन्यात जेसीबी लावून गाळ काढतात आणि काठावरच ठेवतात, पहिल्या पावसात तो परत आत. फोटो मात्र निघतो.

मी हिशोबाचं काम करतो, लोकांची रिटर्न भरतो, त्यामुळं मला पाण्यापेक्षा पैसा कुठनं येतो आणि कुठं जातो ते जास्त कळतं. तर पंधराव्या वित्त आयोगानं 2021 ते 26 साठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी ठरवली ती अशी की 80 टक्के मदत, पुनर्बांधणी वगैरेला आणि 20 टक्के धोका कमी करायच्या कामांना. 20 टक्के! ते पण अख्ख्या राज्यात वाटायचं, आणि त्यात फक्त पूर नाही, बाकीच्या आपत्ती पण आल्या. शहरांतल्या पुरासाठी याच आयोगानं वेगळे 2,500 कोटी सांगितले होते पण ते सात मोठ्या शहरांना, मुंबई-चेन्नई-कोलकात्याला 500-500 कोटी, आणि पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, अहमदाबादला 250-250. मग ऑक्टोबर 2025 ला दुसऱ्या टप्प्यात अजून 11 शहरं मंजूर झाली, भोपाळ, इंदूर, लखनऊ, पाटणा अशी. त्यात महाराष्ट्रातलं एकपण नाही, आपण तर नाहीच. जागतिक बँकेच्या कर्जातनं पुराचा धोका कमी करायचा जो मोठा कार्यक्रम आहे त्याचा जोर सांगली-कोल्हापूरवर, आणि त्यांचं दुखणं बघता ते बरोबरच आहे.

म्हणजे वरून कोण देणार म्हणून वाट बघत बसलो तर बसूनच राहू. आणि समजा रिपोर्ट तयार असला तरी पैसा येईलच असं पण नाही. मुंबईचं बघा, ब्रिमस्टोवॅडचा, म्हणजे तिथल्या पावसाळी गटारांच्या सुधारणेचा, अहवाल 1993 चा. जुनी गटारं तासाला 25 मिलिमीटर पावसाची, ती 50 ची करा असं सगळं त्यात होतं. खर्च तेव्हा 616 कोटी. बारा वर्षं फाइल पडून. 26 जुलै 2005 ला 944 मिलिमीटर पडला, शेकडो माणसं गेली, मग केंद्राचे 1,200 कोटी मंजूर झाले. मुंबईसारख्या देशाच्या तिजोरीवाल्या शहराची ही कथा, आपल्याला कोण विचारतंय.

उलट पूर येऊन गेला की पैसा लगेच जाहीर होतो, 2025 ला राज्यानं 31,628 कोटींचं पॅकेज सांगितलं. शेतकऱ्याचं रान खरवडून गेलंय, त्याला मिळालंच पाहिजे, त्यावर माझं काय म्हणणं नाही. पण शहरात ज्याच्या घरात पाणी शिरतं त्याचा पंचनामा होऊन हातात काय पडतं? पूर्व भागात एका ओळखीच्यांच्या टॉवेलच्या कारखान्यात पाणी शिरलेलं मी बघितलंय. लूमच्या मोटरी गेल्या त्या गेल्याच, पण बीमवरचं, म्हणजे मागाच्या मोठ्या रुळावर गुंडाळलेलं, खळ लावलेलं सूत भिजलं की ते चिकटून बसतं, वाळवलं तरी मागावर तटातटा तुटतं, शेवटी कापून काढावं लागतं. वर कामगारांचे दिवस बुडाले ते वेगळे, त्यांना तर तुकड्यावर पगार, माग बंद म्हणजे चूल बंद. यातलं कायपण पंचनाम्याच्या रकान्यात बसत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की नाल्याचा पैसा आपणच उभा करायचा आणि ज्यानं जमीन झाकली त्याच्याकडनं घ्यायचा. नवीन काही शोधायला नको. 1966 च्या एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात विकास शुल्क आहे, लेआउट आणि बांधकाम परवानगी घेताना भरावंच लागतं. गुंठेवारी, म्हणजे परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेले प्लॉट, नियमित करताना पण शुल्क घेतात. हा पैसा एकदा महापालिकेच्या मोठ्या डब्यात पडला की पगार, डिझेल, लाइट बिल यात कुठं विरघळतो कळत नाही. त्यातला ठरावीक हिस्सा, किती ते सभागृहात भांडून ठरवा, पावसाळी पाण्याच्या वेगळ्या खात्यात टाका आणि ज्या नाल्याच्या पाणलोटातनं आला त्याच नाल्यावर खर्च करा. शेळगीचा पैसा शेळगीला. दर तीन महिन्यांनी झोन ऑफिसच्या भिंतीवर जमा-खर्च लावा, मराठीत, एक पानात.

पुण्यानं 2017 ला पाणीपुरवठ्यासाठी 200 कोटींचे कर्जरोखे काढले, आपण पण काढू असं एकजण मला म्हणाला. काढा की, पण रोखे घेणारा आधी विचारतो तुमची वसुली किती. तिथं आपलं तोंड बंद होतं. घरपट्टीत सूट कधी मिळणार याची वाट बघणारे आपणच, आणि घरात पाणी आलं की महापालिकेला शिव्या देणारे पण आपणच.

टॅक्स वाढला की बोंब होणार हे मला माहितीय. बिल्डर म्हणणार फ्लॅट महाग होतील. होऊ देत थोडे, तळमजल्यावर फ्रीज विटांवर ठेवून राहणाऱ्या माणसाला आज जे भरावं लागतंय ते कुणाच्या ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. पण एक अट, 500 चौरस मीटरच्या वरच्या प्लॉटला पाऊसपाणी जिरवायचा जो नियम आधीच आहे, तो ज्यानं खरंच पाळलाय त्याला शुल्कात सूट द्या. पाळलाय म्हणजे खड्डा खणून खरंच पाणी जातंय, नुसतं परवानगीपुरता नकाशावर गोल काढलेला चालणार नाही.

आणि सगळ्यात आधी नाल्यांची मोजणी. जुन्या गाव नकाशावरची रुंदी आणि आज जागेवरची रुंदी शेजारी शेजारी छापा. यात फार कोटी-बिटी लागत नाहीत. आपल्याला इंजिनीअरिंग कॉलेजची कमी नाही, पोरं एका सेमिस्टरमध्ये करतील. अडचण पैशाची नाहीच तिथं, ते दोन आकडे शेजारी आले की कुणाकुणाचं कंपाउंड नाल्यात आहे ते दिसणार, आणि त्यात सगळ्याच पक्षांचे लोक निघणार.

बजेटसाठी नागरिकांच्या सूचना मागवतात तेव्हा मी हे लिहून देणारे. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदारांनी आणि शेळगी, मित्रनगर, होटगी रोडकडच्या लोकांनी सोबत सह्या केल्या तर कागदाला थोडं वजन येईल. ज्यांना करायचीय त्यांनी कमेंटमध्ये आपला भाग आणि जवळचा नाला लिहा, मी मसुदा पाठवतो. आणि "सोलापूरचं काय होणार नाही" असलं लिहायला येणाऱ्यांनी आधी या वर्षीची घरपट्टी भरलेल्या पावतीचा फोटो टाकावा.