बेरीजयंत्र आजोबांचं, कादंबऱ्या नातवाच्या

नाशिकमध्ये स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर फिरतो आहे : ‘अमेरिकन लेखक विल्यम बरोज यांनी जगातलं पहिलं गणकयंत्र शोधलं, कंपनी काढून कोट्यधीश झाले आणि मग निवांतपणे कादंबऱ्या लिहिल्या.’ सोबत हॅट घातलेल्या एका कृश म्हाताऱ्याचा फोटो. मुलं हे वहीत उतरवून घेताहेत, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

ही दोन माणसं आहेत. यंत्र बनवणारे विल्यम सिवर्ड बरोज १८९८ मध्ये क्षयाने गेले. त्याच नावाचे लेखक जन्मले १९१४ साली, सेंट लुईसमध्ये. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आपल्याकडेही आहे, पण मधे वडिलांचं नाव येत असल्याने घोटाळा होत नाही. बरोजांच्या घरात मधलं नावही तेच राहिलं. फोटोतला हॅटवाला हा नातू. त्याच्या मुलाचंही नाव विल्यमच, आणि त्यानेही पुस्तकं लिहिली! भरीला, लेखक बरोज यांच्या एका निबंधसंग्रहाचं नावच ‘द अ‍ॅडिंग मशीन’, म्हणजे ‘बेरीजयंत्र’, आहे. गोंधळ होणं मी समजू शकतो.

‘जगातलं पहिलं’ हेही चूक. फ्रेंच गणितज्ञ पास्कल यांचं बेरीज करणारं यंत्र १६४२ चं. पण म्हणून बरोज आजोबांचं काम लहान ठरत नाही, आणि मला खरी चीड येते ती इथे. हा माणूस न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्न गावी बँकेत कारकून होता. आकड्यांचे लांबच लांब रकाने हाताने बेरजायचे आणि चूक निघाली की पुन्हा पहिल्यापासून. मी स्वतः नाशिक रोडला बँकेत नोकरी केली आहे. संध्याकाळी बॅलन्स जुळत नसला की काय होतं, ते मला सांगावं लागत नाही. त्यांना बेरीज करून कागदावर छापणारं यंत्र हवं होतं. १८८८ मध्ये पेटंट मिळालं, पण सुरुवातीची यंत्रं फसली. दांडा कुणी जोरात ओढी, कुणी हळू, आणि त्यानुसार उत्तर बदले. मग त्यांनी आत तेल भरलेला एक सिलिंडर बसवला. हात कसाही पडो, यंत्र आपल्याच वेगाने चाले. त्यानंतर ते बँकांच्या भरवशाचं झालं. एवढी चिकाटी ‘लेखकाने शोधलं’ या दोन शब्दांत पुसून टाकायची?

आता ‘कोट्यधीश’. कंपनी खरी मोठी झाली ती आजोबांच्या मागे. तिला बरोज हे नावही त्यांच्या मृत्यूनंतर मिळालं. लेखकाच्या आईवडिलांनी उरलेले शेअर १९२९ च्या मंदीच्या जरा आधी सुमारे दोन लाख डॉलरना विकले. पुढे ते भेटवस्तूंचं दुकान चालवत. लेखकाला घरून महिन्याला दोनशे डॉलर येत. त्यावर हातपाय पसरता येतात, कंपनीचं मालक होता येत नाही.

‘निवांतपणे’ तर अजिबात नाही. १९५९ ला आलेली ‘नेकेड लंच’ ही कादंबरी त्यांनी बरीचशी मोरोक्कोतल्या टँजियर शहरात लिहिली, अमली पदार्थांच्या व्यसनाशी झगडत.

काही जण याला जोडून ‘आपली टाटा बरोज कंपनीसुद्धा याच लेखकाची’ असंही लिहितात. ती टाटांची आणि अमेरिकेतल्या बरोज कॉर्पोरेशनची भागीदारी होती. लेखकाचा त्यात एक पैसाही नव्हता.